लेकीच्या गणिताच्या तासाला गेलेल्या बापानं घरी येऊन शिकवणारं मशीनच बनवलं

आज वर्गात क्विझ घ्यायची म्हटली की फार काही लागत नाही. सर नाहीतर मॅडम आपले प्रश्न अ‍ॅपमध्ये टाकतात, स्क्रीनवर पिन झळकतो, पोरं मोबाईल नाहीतर टॅबवर जॉईन होतात आणि पुढची १५ मिनिटं वर्गात आयपीएलची फायनल असल्यासारखा दंगा असतो. उत्तर दाबलं की लगेच हिरवं नाहीतर लाल. बरोबर की चूक, तिथल्या तिथे कळतं.

आपल्याला वाटतं, हे सगळं स्मार्टफोन आल्यावर सुरू झालं. पण या हिरव्या-लाल खेळामागची कल्पना मोबाईलच काय, घरगुती कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. आणि ती ज्यानं जगभर गाजवली तो माणूस त्याआधी उंदरांना आणि कबुतरांना शिकवण्यासाठी प्रसिद्ध होता.

नाव, बी. एफ. स्किनर. डी.एड., बी.एड. किंवा टीईटीचा अभ्यास केलेल्यांनी साधक अभिसंधान या धड्यात हे नाव नक्की घोकलेलं असणार. पेटीतला उंदीर, कळ दाबली की खाऊ, एवढं पाठ करून बरेच जण पुढं जातात. पण हा माणूस उंदराच्या पेटीतून शाळेच्या वर्गात कसा पोचला, ही गोष्ट पुस्तकात फारशी येत नाही.

११ नोव्हेंबर १९५३

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली एक शाळा. त्या दिवशी मुलांच्या वडिलांना वर्गात येऊन बसायचं आमंत्रण होतं. स्किनर हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची धाकटी मुलगी डेबोरा चौथीत होती, म्हणून तेही गेले. तास गणिताचा होता.

बाईंनी गणितं दिली. मुलं सोडवू लागली. बाई बाकांमधून फिरत होत्या, कुणाच्या वहीत डोकावत होत्या, कुठं चूक दिसली तर दाखवत होत्या. काही मुलांची गणितं पटकन संपली, ती चुळबुळ करत बसली. काही मुलं पहिल्याच गणितात अडकली होती. शेवटी बाईंनी सगळे कागद गोळा केले. ते घरी तपासायचे आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचे.

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. जगातल्या जवळपास प्रत्येक वर्गात हेच चालतं, आजही. पण स्किनर यांना बसल्या जागी दोन गोष्टी खटकल्या. एक, मुलानं गणित सोडवलं तरी ते बरोबर आहे की चूक हे त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत कळत नाही. दुसरी, हुशार असो की अडखळणारं, सगळ्या मुलांना एकाच वेगानं चालावं लागतं.

प्रयोगशाळेत कबुतराला एखादी गोष्ट शिकवायची असेल तर योग्य हालचाल केल्याबरोबर दाणा द्यावा लागतो, उशीर झाला की ते शिकत नाही, हे स्किनर वर्षानुवर्षं बघत होते. कबुतरासाठी एवढी काळजी घेतली जाते आणि स्वतःच्या लेकीच्या वाट्याला मात्र दुसऱ्या दिवशीचा निकाल येतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

आता जरा हिशोब करून बघा. वर्गात ४० मुलं, प्रत्येकाला १० गणितं, म्हणजे ४०० उत्तरं. तास ४० मिनिटांचा, म्हणजे २४०० सेकंद. बाईंनी दुसरं काहीही केलं नाही तरी एका उत्तराच्या वाट्याला फक्त ६ सेकंद येतात. एका माणसाकडून हे होणं शक्यच नाही. म्हणून मग स्किनर यांनी ठरवलं, हे काम यंत्राला द्यायचं. पुढच्या काही दिवसांतच त्यांनी पहिलं मशीन खटपट करून उभं केलं.

हे असं खटपट करायचं वेड मात्र त्यांना लहानपणापासून होतं.

आईची कटकट आणि पायजम्याचं यंत्र

बुऱ्हस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं ससक्वेहाना हे रेल्वेचं छोटं गाव. वडील वकील, आई घरातली शिस्त बघणारी. घरात त्याला फ्रेड म्हणायचे.

फ्रेड सतत काहीतरी बनवत असायचा. गाडे, खेळणी, काय वाट्टेल ते. पायजमा काढला की खुंटीला अडकवत नाही म्हणून आई रोज बोलायची. त्यावर फ्रेडनं खुंटीला दोरी बांधून एक जुगाड केलं. पायजमा खुंटीवर नसेल तर दारासमोर आठवण करून देणारी पाटी खाली यायची. पायजमा अडकवला की पाटी वर. आईचं काम यंत्रानं केलं आणि रोजची बोलणी बंद झाली.

शाळेत मेरी ग्रेव्हज नावाच्या बाईंनी त्याला वाचनाची गोडी लावली. पुढं हॅमिल्टन कॉलेजात त्यानं इंग्रजी साहित्य घेतलं. याच काळात त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड, वय फक्त १६, मेंदूतल्या रक्तस्रावानं अचानक गेला. फ्रेड तेव्हा घरीच होता.

१९२६ मध्ये पदवी मिळाली. आता लेखक व्हायचं, असं त्यानं ठरवलं. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी त्याच्या कथा वाचून शाबासकीही दिली होती. आईवडिलांच्या घरी वरच्या मजल्यावर बसून त्यानं लिहायला सुरुवात केली आणि वर्षभरात लक्षात आलं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. पुढं आयुष्यभर तो या वर्षाला अंधारं वर्ष म्हणत राहिला.

याच दिवसांत त्याच्या हाती पावलोव्ह आणि वॉटसन यांचं लिखाण पडलं. माणूस मनात काय विचार करतो यापेक्षा तो करतो काय, हे मोजा, असं सांगणारं हे मानसशास्त्र होतं. १९२८ मध्ये त्यानं हार्वर्ड गाठलं आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

उंदीर, कबुतरं आणि क्षेपणास्त्र

हार्वर्डमध्ये स्किनर यांनी ती प्रसिद्ध पेटी बनवली. आत उंदीर, भिंतीला एक कळ. कळ दाबली की खाऊची गोळी पडते. उंदीर इकडंतिकडं फिरताना चुकून कळ दाबतो, गोळी मिळते आणि हळूहळू तो मुद्दाम कळ दाबायला लागतो. आपण एखादी गोष्ट केल्यावर काय घडतं, यावर ती गोष्ट आपण पुन्हा करू की नाही हे ठरतं. स्किनर यांच्या सगळ्या कामाचं सार एवढंच.

पण मोठी गोष्ट शिकवायची असेल तर? त्यावर त्यांचं उत्तर होतं, तुकडे करा. कबुतराला गोल फिरायला शिकवायचं असेल तर आधी मान किंचित वळवली तरी दाणा द्या, मग थोडी जास्त वळवल्यावर, मग अर्धी गिरकी घेतल्यावर. याच पद्धतीनं त्यांनी कबुतरांना टेबल टेनिससारखा खेळसुद्धा शिकवला.

दुसऱ्या महायुद्धात तर त्यांनी कहर केला. क्षेपणास्त्राच्या नाकात कबुतरं बसवायची, समोर पडद्यावर लक्ष्य दिसेल, कबुतरं त्यावर चोच मारत राहतील आणि त्यावरून क्षेपणास्त्र दिशा ठरवेल, अशी ही योजना होती. जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीनं मिनियापोलिसमधल्या गिरणीत जागा आणि पैसे दिले. सरकारनंही निधी दिला. कबुतरं आपलं काम चोख करत होती, पण अधिकाऱ्यांना ही कल्पनाच हसण्यासारखी वाटली आणि १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. प्रत्यक्ष युद्धात एकही कबुतर उडालं नाही.

डेबोराबद्दलची ती अफवा

१९४४ मध्येच डेबोराचा जन्म झाला. बाळाला कपड्यांच्या थरांत गुंडाळावं लागू नये म्हणून स्किनर यांनी तिच्यासाठी काचेची खिडकी असलेला, आतलं तापमान कमी-जास्त करता येणारा पाळणा बनवला. १९४५ मध्ये एका महिला मासिकात त्याबद्दल लेख आला. मथळ्यात पेटीतलं बाळ असा उल्लेख होता आणि तिथंच घोळ झाला. बापानं लेकीवर उंदरासारखे प्रयोग केले, पुढं तिनं त्याच्यावर केस केली, तिला वेड लागलं, तिनं आत्महत्या केली, अशा वाट्टेल त्या गोष्टी पसरल्या.

यातलं एकही खरं नव्हतं. ती पेटी म्हणजे साधा पाळणाच होता. डेबोरा मोठी होऊन चित्रकार झाली आणि २००४ मध्ये तिनं स्वतः वर्तमानपत्रात लेख लिहून या अफवा खोट्या असल्याचं सांगितलं. तरी ही गोष्ट आजही इंटरनेटवर फॉरवर्ड होत असते. तुमच्यापर्यंत आली तर पुढं पाठवू नका.

मशीन नेमकं कसं होतं?

तर हीच डेबोरा १९५३ मध्ये चौथीत होती.

स्किनर यांचं पहिलं मशीन अगदी साधं होतं. कार्डावर गणित छापलेलं. ते कार्ड पेटीत घालायचं. बाजूच्या दांड्या सरकवून उत्तराचे आकडे जुळवायचे. उत्तर बरोबर असेल तर कार्डाच्या भोकातून दिवा दिसायचा. पुढच्या मॉडेलमध्ये गुंडी फिरवायची सोय आली. उत्तर बरोबर असेल तरच गुंडी फिरायची आणि पुढचं गणित समोर यायचं.

मार्च १९५४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एका परिषदेत त्यांनी हे मशीन दाखवलं. पेपरात बातम्या झळकल्या. त्या बातम्या वाचून ओहायोचे प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनी स्किनर यांना आपले जुने लेख पाठवले. प्रेसी यांनी असलं मशीन १९२० च्या दशकातच बनवलं होतं. खिडकीत प्रश्न, खाली चार कळा, चारपैकी बरोबर कळ दाबली तरच पुढचा प्रश्न. ठरलेले गुण मिळाले की चॉकलेटची गोळी बाहेर टाकणारा भागही त्याला जोडता यायचा. पण मंदीच्या काळात कुणाला त्यात रस उरला नाही आणि १९३२ मध्ये प्रेसी यांनी नाद सोडला होता.

प्रेसी आपल्या आधी इथं येऊन गेले, हे स्किनर यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. पण एका मुद्द्यावर त्यांचं पटलं नाही. तो मुद्दा होता चार पर्यायांचा.

स्किनर यांचं म्हणणं असं की, मुलानं उत्तर स्वतः तयार करावं. चार पर्याय दिले की त्यातले तीन चुकीचे असतात आणि तेही मुलाच्या डोक्यात शिरतात. शिवाय अंदाजपंचे कळ दाबूनही उत्तर बरोबर येऊ शकतं. म्हणून त्यांच्या मशीनमध्ये आकडे जुळवावे लागायचे, नाहीतर शब्द लिहावा लागायचा.

दुसरा फरक प्रश्नांच्या रचनेत होता. प्रेसी यांचं मशीन आधी शिकलेलं तपासायचं, स्किनर यांना मशीननंच शिकवायला हवं होतं. म्हणून धड्याचे बारीक तुकडे करायचे आणि एकेक प्रश्न असा मांडायचा की आधीच्या उत्तराच्या आधारानं मुलाला पुढचं जमावं. चूक करून लाज वाटण्यापेक्षा बरोबर येत राहिल्याचा आनंद मिळावा, हा हेतू. शाळेतल्या शिक्षेला त्यांचा ठाम विरोध होता.

आणि मशीन स्वतः काहीच शिकवत नाही, शिकवतो तो प्रश्न लिहिणारा माणूस, हेही ते सांगत राहिले. पेटी तीच, आतलं कार्ड, पट्टी किंवा तबकडी बदलली की विषय बदलला. आज शिक्षक अ‍ॅपमध्ये आपल्या वर्गापुरते प्रश्न टाकतात, त्याचं हे जुनं रूप.

हार्वर्डमधली ती खोली

१९५८ मध्ये हार्वर्डच्या एका इमारतीत दहा मशीन मांडून ठेवली होती. स्किनर आणि त्यांचे सहकारी जेम्स हॉलंड यांनी मानसशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम तबकड्यांवर बसवला होता. विद्यार्थी हवं तेव्हा यायचा, तबकडी लावायचा, खिडकीत दिसणाऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहायचा आणि दांडी उचलायचा. त्यानं लिहिलेलं उत्तर पारदर्शक झाकणाखाली सरकायचं, म्हणजे खाडाखोड बंद, आणि शेजारी बरोबर उत्तर उघडं व्हायचं.

उत्तर बरोबर आलं तर तो प्रश्न पुन्हा यायचा नाही. चुकलेले प्रश्न मात्र पुढच्या फेरीत परत यायचे, सगळे बरोबर येईपर्यंत. जवळपास २०० विद्यार्थ्यांनी असा अभ्यास केला. तिथं कुणी पहिलं नव्हतं, कुणी शेवटचं नव्हतं. शेजारच्याचे गुण दिसायचेच नाहीत.

त्याच सुमाराला म्हणजे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियानं स्पुटनिक अवकाशात सोडला होता. आपली पोरं गणित-विज्ञानात मागं पडली, या भीतीनं अमेरिका हादरली. १९५८ मध्ये शिक्षणासाठी खास कायदा झाला, पैसा आला आणि शिकवणाऱ्या मशीनची लाट उसळली. १९६० मध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोक शहरात आठवीच्या मुलांना नववीचं बीजगणित या पद्धतीनं शिकवलं गेलं आणि वर्षाचा अभ्यास अर्ध्या वर्षात झाला.

तो वर्ग बघायला स्किनर गेले होते. ते आत आले तेव्हा कुणी मान वर केली नाही. सोबतचे संशोधक अ‍ॅलन कॅल्विन यांनी मुद्दाम पुढच्या चौथऱ्यावर जाऊन धाडकन उडी मारली. तरीही एका मुलानं वर पाहिलं नाही. हा किस्सा स्किनर म्हातारपणीही सांगायचे.

मग हे मशीन गेलं कुठं?

आधी आयबीएमशी करार झाला, नमुने बनले, पण वर्षं गेली तरी मशीन बाजारात आलं नाही. मग रीम नावाच्या कंपनीनं काम हाती घेतलं, तेही रखडलं आणि बंद पडलं. स्किनर पत्रं लिहून थकले.

दोष सगळा कंपन्यांचा नव्हता. बाजारात घाईघाईनं आलेले धडे कंटाळवाणे होते. इतके बारीक तुकडे की हुशार मुलांना जांभया यायच्या. प्रत्येक मूल आपापल्या वेगानं गेलं तर वर्ग, वेळापत्रक आणि वार्षिक परीक्षा यांचं काय करायचं, हे शाळांना कळेना. यंत्र आलं की आपली नोकरी जाईल, ही शिक्षकांना धास्ती. मुलं म्हणजे कबुतरं आहेत का, हा पालकांचा सवाल.

अभ्यासकांमधूनही टीका झाली. भाषातज्ज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकाचं असं परीक्षण लिहिलं की मानसशास्त्राचं वारंच फिरलं. मूल कधीही न ऐकलेलं वाक्य सहज बोलतं, ते फक्त बक्षिसाच्या हिशोबात बसत नाही, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. समजणं, शंका विचारणं, चुकीच्या वाटेनं जाऊन काहीतरी वेगळंच सापडणं, या गोष्टी पेटीत मावत नाहीत, ही तक्रार आजही खरी आहे.

स्किनर मागं हटले नाहीत. मशीन शिक्षकाला घालवण्यासाठी नाही, तपासण्याच्या हमालीतून सोडवण्यासाठी आहे, असं त्यांनी वारंवार मांडलं. १९६८ मध्ये शिकवण्याच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं, १९७१ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पण मशीन तोवर बऱ्याच शाळांच्या अडगळीत गेली होती.

पेटी गेली, कॉम्प्युटर आला

दरम्यान १९६० मध्येच इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची कॉम्प्युटरवर शिकवणारी यंत्रणा सुरू झाली होती. काही वर्षांत तिच्यासाठी ट्यूटर नावाची खास भाषा आली आणि शिक्षक स्वतःचे धडे स्वतः तयार करू लागले. १९८० च्या दशकात घराघरात कॉम्प्युटर आले तेव्हा स्किनर यांना वाटलं, आपल्याला हवं होतं ते मशीन आता तयार आहे, फक्त त्यात चांगले धडे घाला.

त्यांना १९८९ मध्ये ल्युकेमियाचं निदान झालं. तरी काम थांबलं नाही. १० ऑगस्ट १९९० रोजी बोस्टनमध्ये त्यांनी शेवटचं भाषण दिलं आणि त्यानंतर आठ दिवसांनी, १८ ऑगस्टला ते गेले. आदल्या दिवसापर्यंत ते एका लेखावर काम करत होते.

त्यानंतर २०१३ मध्ये नॉर्वेतून कहूट आलं. २०१५ मध्ये बंगळुरूतून क्विझिझ सुरू झालं. आता प्रश्न शिक्षकाचा, निकाल एका सेकंदात. डेबोराच्या वर्गात स्किनर यांना खटकलेली पहिली गोष्ट सुटली.

दुसरीचं काय? ज्या खेळात घड्याळ टिकटिकतं, लवकर दाबणाऱ्याला जास्त गुण मिळतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं झळकतात, तिथं हळू विचार करणारं पोर पुन्हा मागंच राहतं. फक्त आता ते अख्ख्या वर्गाला मोठ्या स्क्रीनवर दिसतं. शिवाय चार पर्याय आहेतच, आणि घाईत कुठला तरी रंग दाबून मोकळं होणंही आहे.

यावर उपाय अवघड नाही. अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये वेळ वाढवता येतो, मुलांना आपापल्या वेगानं क्विझ सोडवू देता येते, काहींमध्ये पर्यायांऐवजी उत्तर टाईप करायला लावता येतं आणि चुकलेले प्रश्न पुन्हा विचारता येतात. हार्वर्डच्या त्या खोलीत लाकूड, कागद आणि दांड्या वापरून हेच तर केलं होतं. वर्गात खेळाचा दंगा हवाच, पोरं त्यानंच जागी होतात. पण एखाद्या दिवशी लीडरबोर्ड बंद ठेवून बघायला हरकत नाही. पहिल्या गणितात अडकलेलं मूल त्या दिवशी कदाचित दहाव्यापर्यंत पोचेल.